नळीवरचं साल

दिनांक १२ मार्च २०१९, मंगळवार. रक्कम एकशे सत्तर रुपये. हजर: मी, माझी पत्नी वनिता, घरमालकीण कौसल्याबाई आणि गॅस एजन्सीच्या मेकॅनिक मैनाबाई. ठिकाण एटापल्ली, आमच्या भाड्याच्या घराचं स्वयंपाकघर.

मी भूकरमापक. शेतं मोजणं हे माझं काम, आणि तारीख, ठिकाण, हजर माणसं लिहिल्याशिवाय मला पुढचा मजकूर सुचत नाही. मैनाबाईंविषयी लिहायचं कारण असं की अलीकडे एका लग्नात त्यांचा विषय निघाला, तेव्हा पंगतीत कुणीतरी म्हणालं, "ते भांडकुदळ बाई ना?" बाकीचे हसले. मी हसलो नाही. पण तिथं काही बोललोही नाही. ते आता लिहितो.

एकशे सत्तर रुपये गॅसच्या रबरी नळीचे होते, आणि त्या दिवशी ते दिले गेले नाहीत, कारण मी द्यायला नकार दिला.

मैनाबाई सकाळी दहाच्या सुमारास गॅस तपासायला आल्या. पन्नाशीच्या, बुटक्या, अंगानं काटक. खांद्यावर नारिंगी नळ्यांचं वेटोळं आणि पिशवी, हातात कडीचा स्टीलचा डबा. डब्यात साबणाचं पाणी आणि दाढीचा एक जुना ब्रश. चप्पल दाराबाहेर काढली, नमस्कार वगैरे काही नाही, आणि पहिला प्रश्न केला, "टोपन कुठी हाय?"

"कशाचं?" वनितानं विचारलं.

"सिलिंडरचं. दोरीवालं."

वनितानं माझ्याकडं पाहिलं, मी कौसल्याबाईंकडं. सिलिंडर आला की सील तोडून टोपण फेकून द्यायचं, हीच आमच्या घरची रीत होती.

"टोपन नाई. म्हंजे उद्या वास आला तर तोंड कायनं बंद कराल? हातानं?"

नंतर मला कळलं की त्या प्रत्येक घरात हाच प्रश्न पहिला विचारत. टोपण सिलिंडरच्या गळ्यात लटकलेलं दिसलं की त्या घराकडून त्यांना फारशी भीती नसे. टोपण शोधावं लागलं की त्या पदर खोचत.

आमच्याकडं त्यांनी पदर खोचला. ओट्याखालच्या कपाटाचं दार उघडलं. सिलिंडर आत, दार सदा बंद. "याले श्वास कोनी घेऊ द्यायचा? गळती झाली तर गॅस खालीच बसते, वर नाई जात. इथी कोंडून ठेवला तुमी." मग त्यांची नजर नळीवर गेली. नळीला वनितानं छान फुलाफुलांच्या कापडाची खोळ शिवली होती. तेल उडून नळी चिकट होऊ नये म्हणून.

"हे लुगडं कोनी नेसवलं?"

मैनाबाईंनी पिशवीतून ब्लेड काढून टाके उसवले. आतल्या नळीवर छापलेलं मुदतीचं साल दिसलं. २०१६. म्हणजे नळीची मुदत संपून तीन वर्षं होत आली होती. वर्षभर दुसऱ्यांच्या धुऱ्यांवर, शेतांच्या बांधांवर, सेंटिमीटरसाठी वाद ऐकणारा मी, माझ्या घरातलं हे साल मी कधी पाहिलं नव्हतं. सालाच्या चार बोटं पुढं बारीक दातांच्या खुणा होत्या.

मैनाबाई कौसल्याबाईंकडं वळल्या. "मोह कुठी ठेवला?"

"भिंतीपल्याडच्या खोलीत. मागच्या सालचा हाय. तीन पोते."

"तेच तर. उंदीर तिकडं मोह खाते आन तोंड पुसाले इकडं येते."

आमच्या भागात मोहफुलं वाळवून घरात साठवणं काही वेगळं नाही. प्रत्येक घरात पोतं असतंच. पण मोहाच्या गोड वासाला उंदीर येतो, आणि उंदराला रबर कुरतडायला आवडतं, ही जोडणी मी पहिल्यांदा ऐकली. त्यांनी ब्रशनं नळीला फेस लावला. दातांच्या खुणेजवळ हरभऱ्याएवढा बुडबुडा आला, फुगला, फुटला. पुन्हा आला.

यावर मी जे बोललो ते जसंच्या तसं लिहितो, कारण लपवण्यात अर्थ नाही. मी म्हणालो, "एकच बुडबुडा आहे. एजन्सीच्या खिडकीवर किंमत विचारून येतो, मग बदलू. शनिवारी."

मैनाबाईंनी रेग्युलेटर बंद केला, सिलिंडरवरून काढला आणि आपल्या पिशवीत टाकला. "एक बुडबुडा हाय म्हून एक रेग्युलेटर नेऊन राह्यली. दोन असते तर सिलिंडरबी नेला असता." आणि चप्पल घालून निघाल्या. जाताना कौसल्याबाईंना म्हणाल्या, "आज याइले सयपाकाले तुमची चूल द्या जी."

दुसऱ्या दिवशी मी तावातावानं एजन्सीत गेलो. मालकांना तिथं सगळे शेठ म्हणत. शेठ हसून म्हणाले, "बाई तशीच हाय साहेब, काय करता." मैनाबाई तिथंच स्टुलावर बसून नळ्या पुसत होत्या. मी म्हटलं, घरच्या वस्तूला परवानगीशिवाय हात लावायचा तुम्हाला काय अधिकार?

त्यांनी मान वर न करता विचारलं, "मोजनीभाऊ, वावर मोजताना धुरा एक हात सरकला दिसला, तर कास्तकाराले काय सांगता? एकच हात हाय, शनिवारी पाहू?"

मी एकशे सत्तर रुपये काढून दिले. त्यांनी पावती केली, लगेच माझ्यासोबत घरी आल्या, नळी बसवली, सिलिंडर कपाटाबाहेर उभा करायला लावला, नेलेला रेग्युलेटर परत जोडला, सगळ्या सांध्यांना फेस लावला, फेस निपचित राहिला तसा गॅस पेटवला आणि वनिताला म्हणाल्या, "आता मांडा चहा." आपण तपासून पास केलेल्या जाळावरचाच चहा त्या घेत. त्याआधी पाणीही नाही. वाटीतल्या चहाकडं पाहत म्हणाल्या, "नळी चोवीस सालच्या मार्चपर्यंत. तवा येईन मी."

माणसं असं बोलतात. मी ते मनावर घेतलं नाही.

त्यानंतर चार वर्षं मी एटापल्लीत होतो आणि त्या मला सारख्या दिसत. बाजारात, पुलावर, सूरजागडच्या लोहखाणीकडून येणाऱ्या ट्रकांच्या लाल धुळीत पदर नाकाला लावून चालताना. त्या धुळीवर त्यांचा वेगळा राग होता, कारण ती बर्नरच्या भोकांत बसते आणि ज्योत पिवळी होते. "पिवळी ज्योत म्हंजे गॅस उपाशी. भांड्याच्या बुडाले काजळी दिसली का बर्नर काढा, सुईनं भोकं मोकळे करा. सुई सगळ्याइच्या घरी असते. कराले काय होते?"

बोलणं असंच, तुटक. रात्री झोपताना रेग्युलेटर बंद करण्याबद्दल त्या म्हणत, "दाराले कडी लावता ना? त्याच हातानं यालेबी लावा." पदर, ओढणी, परकराची गाठ, जाळाजवळ लोंबणाऱ्या सगळ्यांवर त्यांची नजर. आणि वास आला तर काय करायचं हे त्या पाठ म्हणवून घेत: विजेच्या बटणाला हात नाही, लावायचंही नाही अन् विझवायचंही नाही, रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, टोपण घट्ट, माणसं बाहेर. चुकलं की पुन्हा. कौसल्याबाईंच्या पंचाहत्तरीच्या सासूबाईंनाही त्यांनी ते म्हणायला लावलं. म्हातारी रडकुंडीला आली, पण शिकली.

गावात एक किराणा दुकानदार होता, त्याला अभिमान होता की गळती आपण काडी ओढून शोधतो. "पंधरा वर्षं झाले, मले काही झालं नाई," असं तो मैनाबाईंना तोंडावर म्हणाला. मी तिथं साखर घ्यायला उभा होतो. मैनाबाईंनी हात पुढं केला. "दाखवा बरं पेटी." त्यानं दिली. त्यांनी डब्याचं झाकण उघडलं, काडेपेटी साबणाच्या पाण्यात बुडवली, पूर्ण ओली होईपर्यंत दाबून धरली आणि त्याच्या हातात परत दिली.

"ओ बाई! पागल झाल्या का?"

"आता शोधा गळती."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी त्याला नवी काडेपेटी आणून दिली, हे त्यानंच मला सांगितलं. आणि वर म्हणाल्या म्हणे, "हे चुलीसाठी."

लोकांना वाटे की यांच्या आयुष्यात काहीतरी भयंकर घडलं असणार. बहीण भाजली असेल, घर जळालं असेल. वनितानं एकदा धीर करून विचारलं. मैनाबाईंनी चहाची वाटी खाली ठेवली. "नाई जी, काही नाई झालं. आश्रमशाळेत बारा वर्षं सयपाक केला, दोनशे पोरायचा. एक दिवस भडका नाई पाह्यला. भडका पाहूनच शहानपन यावं लागते का?" वनिता ओशाळली. मी मनात म्हटलं, याहून चांगलं उत्तर मी ऐकलेलं नाही.

एकदा मी वनहक्काच्या जमिनी मोजायला एका आतल्या गावी निघालो होतो. मैनाबाईंना त्याच गावी जायचं होतं, त्या आमच्या जीपमध्ये बसल्या. गाव माडिया गोंडांचं. पहिल्याच घरी गॅस आतल्या खोलीत होता, चुलीशेजारी, जमिनीवर. बसून रांधायची सवय, म्हणून शेगडीही जमिनीवर आणि सिलिंडर तिच्या अंगाला लागून. असं त्या बाजूच्या पुष्कळ घरांत असतं. शेगडी सिलिंडरपेक्षा उंच हवी, हे त्यांना कुणी येऊन सांगितलंच नव्हतं.

पण आतल्या खोलीत जायची सोय नव्हती. तिथं घरचे देव, घरचे पितर. परक्या कुळाच्या माणसानं उंबरा ओलांडायचा नाही. मैनाबाई स्वतः गोंड, पण कूळ वेगळं, म्हणून त्याही परक्याच. घरातला म्हातारा दारात आडवा बसला. एजन्सीची इतर माणसं अशा घरी ओसरीवरच कागद भरून परत जात, हे मला जीपच्या चालकानं सांगितलं.

मैनाबाई म्हाताऱ्यासमोर अंगणात मांडी घालून बसल्या. बोलणं गोंडीत झालं. परतीच्या वाटेवर त्यांनी मला ते मराठीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "बाबा, तुमी बरोबर हा. परक्यानं आत जाऊ नोये. मी नाई जात." म्हातारा खूश झाला. मग त्यांनी विचारलं, "पन हा जो लाल आत बसला हाय, हा कोन्या कुळाचा?"

आणि लगेच पुढं:

"तुमच्या कुळाचा हाय का? सोयरा हाय? कारखान्यातून आला, ट्रकात बसून आला, जात नाई मालूम, देव नाई मालूम. त्याले काऊन घेतला पितरायजवळ?"

मी पाहत होतो ते एवढंच: म्हातारा आधी डोळे बारीक करून त्यांच्याकडं बघत राहिला, मग त्याचे खांदे हलायला लागले आणि तो तोंड उघडून हसला. आतून त्याच्या सुनेनं सिलिंडर बाहेर आणला. ओसरीच्या एका बाजूला, वारा खेळेल अशा जागी, शेगडीसाठी मातीचा ओटा घालायचं ठरलं. किती उंच, हे मैनाबाईंनी हातानं दाखवलं आणि मला हाक मारली, "मोजनीभाऊ, टेप आना जी." सिलिंडरची उंची मोजून मी काठीवर खूण करून दिली. ती काठी मग गावभर फिरली. त्या दिवशी मी एकवीस हेक्टर मोजले, पण लक्षात राहिलं ते हे माप.

आता तो प्रसंग, ज्यामुळं लोक त्यांना भांडकुदळ म्हणतात.

२०२२ चा एप्रिल संपत आला होता. सिलिंडर घ्यायला गेलो तेव्हा खिडकीवरच्या मुलीनं माझ्या हातात तपासणीच्या कागदाची प्रत दिली. त्यावर माझं नाव, ग्राहक क्रमांक, सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा आणि खाली सही: मैना. तारीख त्याच महिन्याची. पण त्या महिन्यात मैनाबाई माझ्या घरी आल्याच नव्हत्या. शिवाय त्यांच्या सहीची एक खूण मला ठाऊक होती. सहीखाली त्या नेहमी नळीवरचं साल लिहीत. माझ्या प्रतीवर साल नव्हतं. ज्यानं सही केली त्याला साल माहीत असण्याचं कारणच नव्हतं, कारण ते पाहण्यासाठी घरी यावं लागतं.

मी कागद त्यांच्या घरी नेऊन दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. ती तारीख पाहून म्हणाल्या, "या दिवशी मी अहेरीले होती. पोरीचं बाळंतपन." मग विचारलं, "असे किती असन?"

किती ते दुसऱ्या दिवशी त्या एजन्सीत गेल्या तेव्हा कळलं. तीनशे बारा. वरून, गॅस कंपनीकडून मुदत आली होती, तपासणीचे अर्ज भरून पाठवायचे होते, आणि शेठनी ते टेबलावरच भरून घेतले होते. शेठ वाईट माणूस नव्हते, हे मी मुद्दाम लिहितो. उधारीवर सिलिंडर देत, अडलेल्याच्या घरी स्वतः पोचवत. पण त्यांना वाटत होतं की कागद म्हणजे कागद.

"बाई, तपासनीच्या पैशातला तुमचा हिस्सा तुमाले भेटन. तीनशे बारा घरायचा," शेठ म्हणाले. "बसल्या जागी."

"घरं मी पाह्यले नाई."

"मागं पाह्यलेच असन ना कवातरी!"

"माह्यं नाव हाय खाली. उद्या कोन्या घरी काही झालं, तर लोक म्हनन मैना आल्ती, पाहून गेल्ती, चांगलं म्हने. कागद द्या मले."

शेठनी दिले नाहीत. मैनाबाई बाहेर आल्या आणि एजन्सीच्या पायरीवर बसल्या. डबा बाजूला, नळ्या मांडीवर. सिलिंडर न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या एकच विचारत, "तुमच्या घरी मी आल्ती का जी या महिन्यात?" माणूस नाही म्हणाला की म्हणत, "मंग तुमचा कागद खोटा हाय. नळीवरचं साल पाहा घरी जाऊन. न दिसन तर मले बोलवा."

आवाज चढवला नाही. शिवी नाही. भांडण म्हणतात ते हे. मी दुपारच्या सुट्टीत गेलो तेव्हा रांग थबकलेली होती आणि लोक आपापले कागद खिशातून काढून बघत होते. एकजण चिडवायला म्हणाला, "मैनाबाई, तुमी आंदोलन करून राह्यल्या का?"

"नाई गा. हजेरी घेऊन राह्यली."

संध्याकाळी चारच्या सुमारास शेठ बाहेर आले. चेहरा उतरलेला. "बाई, काऊन माह्यी इज्जत घालवून राह्यल्या? चाळीस हजार लोकायची एजन्सी नाई हे. दोन माणसं हाय माह्याकडं. मुदतीत कसं करू मी?"

"मुदत वाढवून मांगा. सांगा वरती, जंगल हाय, घरं दूर हाय. खरं सांगाले लाज कायची?"

"आन नाई वाढवून देल्ली तर?"

"तर रिकामे पाठवा. खोटे नोका पाठवू."

शेठ आत गेले आणि गठ्ठा आणून त्यांच्या मांडीवर टाकला. "घ्या. पन एक तारखेपासून येऊ नोका."

"बरं," मैनाबाई म्हणाल्या.

त्यांच्या घरी कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. पगार फार नव्हता, पण होता तो तेवढाच होता. माझ्यासमोर त्यांनी पायरीवरच, संध्याकाळच्या उजेडात, प्रत्येक कागदावरची सही एका रेघेनं खोडली आणि बाजूला लिहिलं: पाहिलं नाही. तीनशे बारा वेळा. अर्ध्यात पेन संपलं, माझं दिलं.

मग त्यांनी मला विचारलं, "पावसाच्या आधी एवढे घरं पायी कसे होईन, सांगता का?"

एवढंच काम माझ्या हातचं होतं. मी त्या गावांची यादी केली, पाऊलवाटा आणि नाले नकाशावर पाहून क्रम लावून दिला, जी गावं जूनमध्ये तुटतात ती आधी घेतली. कुठं बस, कुठं कुणाची मोटारसायकल, बाकी पायी. नोकरी नाही, त्यामुळं कुणी विचारणारही नव्हतं. लोक म्हणत, "आता कायले फिरता? तुमाले तर काढलं." त्या म्हणत, "नोकरीतून काढलं. कागदावरून नाई काढलं." पाऊस आला तेव्हा नऊ घरं राहिली होती, नाल्यापलीकडची. ती दिवाळीनंतर झाली. प्रत्येक कागदावर 'पाहिलं नाही' च्या खाली 'पाहिलं', आणि खाली साल.

सगळे कागद त्यांनी शेठच्या टेबलावर नेऊन ठेवले. शेठनी मुदत वाढवून मागितली होती आणि ती मिळालीही होती. त्यांनी कागद घेतले, बसा म्हणाले, चहा मागवला. मैनाबाईंनी आधी आत जाऊन एजन्सीच्या गॅसची नळी पाहिली, मग चहा घेतला. परत या असं शेठ म्हणाले नाहीत आणि यांनी विचारलं नाही.

त्या तीनशे बारांपैकी किती नळ्या खराब निघाल्या तो आकडा माझ्याकडं आहे. तो मी इथं लिहीत नाही, कारण त्यांनीच मना केलं. "आकडा सांगतला का मानूस म्हनते, आपलं घर त्याच्यात नाई." आकड्यांवर पोट भरणाऱ्या मला हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

२०२३ मध्ये माझी बदली गोंडपिपरीला झाली. सामानासोबत गॅसही आला. मैनाबाई निरोपाला आल्या नाहीत. त्या दिवशी त्या कुठल्याशा गावी होत्या. नवा पत्ता मी कौसल्याबाईंकडं ठेवून आलो.

दिनांक १२ मार्च २०२४. तोही मंगळवारच. सकाळी साडेअकराला फाटकाची कडी वाजली. दारात मैनाबाई. केस बरेच पांढरे झालेले, गुडघ्यानं लंगडत होत्या. खांद्यावर वेटोळं नव्हतं, पिशवीत एकच नळी होती. हातात तोच डबा.

"आष्टीपर्यंत काम होतं," त्या म्हणाल्या. "म्हटलं पूल ओलांडून पाहून यावं."

नदीपलीकडच्या आष्टीला काय काम होतं ते मी विचारलं नाही. नळी पुढ्यात ठेवत त्यांनी पावतीही दाखवली, अहेरीची, एकशे नव्वद रुपयांची. मी कपाळाला हात लावला. खरं म्हणजे नळीची मुदत माझ्या डायरीत लिहिलेली होती. पण नळीवर मार्च छापलेलं असल्यानं महिनाअखेर धरून मी हिशेब केला होता. मी म्हणालो, "अजून एकोणीस दिवस आहेत, मैनाबाई."

त्या हसल्या. चार वर्षांत मी त्यांना हसताना फार तर दोनदा पाहिलं असेल. "एकोनीस दिवस तुमी नळीजवळ बसून राहाल का मोजनीभाऊ? का उंदराले तारीख दाखवाल?"

स्वयंपाकघरात शिरताना त्यांनी तोंड उघडलं, पण प्रश्न विचारायच्या आधीच वनितानं सिलिंडरच्या गळ्यातलं टोपण उचलून दाखवलं. मैनाबाईंनी मान हलवली. मग खाली बसल्या नाहीत. गुडघा वाकत नव्हता. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि ब्रश वनिताच्या हातात दिला.

"तुमी करा."

"मी?"

"मंग कोन? मी किती दिवस येईन?"

वनितानं रेग्युलेटर बंद केला. जुनी नळी काढली, नवी दोन्ही टोकांना पुरती आत सारली, पट्ट्या आवळल्या. फेस लावला. आम्ही तिघं त्या फेसाकडं बघत राहिलो. बुडबुडा आला नाही. वनितानं पुन्हा एकदा, रेग्युलेटरच्या बुडाशी, न सांगता फेस लावला. तिथंही नाही. तेव्हा मैनाबाई म्हणाल्या, "आता मांडा चहा."

मी दोनशेची नोट दिली. त्यांनी कनवटीचे पैसे मोजले. दहा रुपये सुटे नव्हते. राहू द्या म्हटलं तर त्यांच्या कपाळाला आठी पडली. पिशवीत हात घालून त्यांनी साबणाची एक कोरी वडी काढली, छापील किंमत मला दाखवली. दहा रुपये. वडी ओट्यावर ठेवली.

बसस्टँडवर मी सोडायला गेलो. तिकीट काढतो म्हटलं, नको म्हणाल्या. बस निघाली तेव्हा त्या खिडकीत होत्या, पण बाहेर बघत नव्हत्या. शेजारच्या सीटवरच्या अनोळखी बाईकडं वळून काहीतरी सांगत होत्या. ऐकू आलं नाही. फक्त हात दिसला, हवेत रेग्युलेटरची मूठ फिरवून बंद करणारा.

शेवटी दिलेली रक्कम: नळीचे एकशे नव्वद रुपये, मैनाबाईंना, रोख. येण्या-जाण्याचे, तपासणीचे आणि त्या तीनशे बारा घरांचे: काही नाही. त्यांनी कुणाकडून घेतले नाहीत.